जाळी कशाला?

रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून बोललं की आपलाच आवाज आपल्यावर खेकसल्यासारखा परत येतो. मिरज रस्त्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मी अशीच उभी होते, हातात टेप घेऊन. लांबी पाच मीटर नव्वद, रुंदी दोन पस्तीस, उंची दोन एकोणचाळीस. एप्रिलचा महिना. टेपचं दुसरं टोक धरायला दिलेला पोऱ्या पत्र्याला हात लागू नये म्हणून ते टोक अंदाजानं हवेतच धरत होता आणि वर "धरलंय की हो मॅडम" म्हणत होता. एवढ्या डब्यात मला एका कंपनीची पंच्याहत्तर वर्षं बसवायची होती.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्या नावानिशी सांगावं असं त्यांना वाटायचं नाही. ओतकामाचा कारखाना. सुरुवात उसाच्या चरकांपासून, मग पंपांची बॉडी, आता मोटारींचे सुटे भाग. अमृतमहोत्सवानिमित्त काहीतरी करायचं होतं. हॉटेलात समारंभ, स्मरणिका, चांदीची नाणी वगैरे झाल्यावर कुणीतरी 'फिरतं संग्रहालय' सुचवलं आणि साहेबांना ते आवडलं. साहेब म्हणजे तिसरी पिढी. माणूस भला, ऐकून घेणारा, पण आजोबांचा विषय निघाला की त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येतो.

ऑफिसनं दिलेल्या यादीत त्र्याण्णव वस्तू होत्या. आजोबांची खुर्ची, फेटा, काठी, चष्मा, उद्घाटनाची चांदीची कात्री, ढाली, मानपत्रं. मंत्र्यांबरोबरचे फोटोच एकतीस. यंत्रं चार. "यंत्रं काय, लोकांनी बघितलेलीच असतात," असं साहेबांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. ते किती बरोबर होतं हे मला काही महिन्यांनी खरसुंडीच्या यात्रेत कळलं.

कामाची सुरुवात मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. फरशीवर खडूनं पाच नव्वद बाय दोन पस्तीसचा चौकोन आखला, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस सेंटिमीटर खोलीची कपाटं येणार म्हणून खुर्च्या मांडल्या आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या शेजाऱ्यांना म्हटलं, जरा यातून चालून दाखवा. मधे उरली एक मीटर पंचेचाळीसची वाट. दोन माणसं शेजारून जातात, पण एकजण वाचायला थांबला की मागची वरात खोळंबते. तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि त्यांच्या मागून येणाऱ्या काकू यांच्यात त्या खडूच्या चौकोनात जे झालं त्यावरून मी एका बाजूची कपाटं त्याच रात्री रद्द केली. वस्तू त्र्याण्णवच्या चौतीस झाल्या. मंत्री तीन उरले.

पुण्याहून आलेल्या ब्रँडिंगवाल्या मंडळींना डोळ्यांवर लावायचे व्हीआर चष्मे आणि एक भलामोठा स्क्रीन हवा होता. जत्रेतल्या धुळीत, दिवसाला हजार कपाळांना लावून झालेला तो चष्मा मी त्यांना मनातल्या मनात पाहायला सांगितला. विषय संपला.

खरी अडचण उंचीची होती. आपल्याकडे ट्रकची उंची जमिनीपासून चार मीटरपर्यंत चालते, रुंदी दोन मीटर साठ. त्या हिशोबात कंटेनर बसतो. पण ट्रकचा पाटा जमिनीपासून सव्वा मीटर वर. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर एकास बारा हे सर्वमान्य प्रमाण, म्हणजे सव्वा मीटर चढायला पंधरा मीटरचा उतार. ट्रकपेक्षा उतार लांब! पायऱ्या केल्या तर आठ. आठ पायऱ्या चढून तापलेल्या पत्र्याच्या पेटीत शिरायचं, तेही एका वेळी बाराजणांनी, आणि यात्रेत बाहेर रांग पाचशेची. गुडघे धरून चढणाऱ्या आजी डोळ्यांसमोर आल्या आणि मला औंधचं संग्रहालय आठवलं.

औंध आता सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगराच्या अंगावर संग्रहालय बांधलं. रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल' तिथे आहे. हेन्री मूर बघायला लोक विमानानं कुठे कुठे जातात, आणि इथे तो यमाईच्या वाटेवर बसलाय. मी शाळेच्या सहलीत प्रथम गेले तेव्हा मूरशी माझा काही संबंध आला नाही. लक्षात राहिला तो चढ आणि चढ संपल्यावर लागलेली सावली. ज्याला बघायचंय त्यानं चालत यायचं, दम घ्यायचा, मग बघायचं. त्या चढालासुद्धा संग्रहालयात काम असतं.

याच बाळासाहेबांनी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जागा आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. बेळगावातून उठावं लागलेला कारखाना निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर आला आणि किर्लोस्करवाडी झाली. काचकारखान्याची आणि प्रभाकर कंदिलाची ओगलेवाडीही त्याच संस्थानातली. आमच्याकडे कारखान्याचा इतिहास काढायचा म्हटलं की माणूस आधी किर्लोस्करवाडीशी जाऊन थांबतो, तसे साहेबही थांबले होते. त्यांच्या टेबलावर त्या वाडीची दोन पुस्तकं होती. "असं काहीतरी," ते म्हणाले.

त्या पुस्तकांतलं मला सगळ्यांत आवडतं ते वेगळंच. लोखंडी नांगर 1903 चा. पहिले चाळीस नांगर केले आणि ते खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष कालवतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. आता आपण त्याला हसतो. पण ज्याचं पोट त्या जमिनीवर, त्यानं नवं लोखंड मातीत घालण्याआधी दोन वर्षं विचार केला तर त्यात चूक काय? आणि दुसरी गोष्ट, 1920 मध्ये सुरू झालेली 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याची माहिती देणारं पत्रक, त्याचं पुढे मासिक झालं आणि महाराष्ट्रभर गेलं. माणसांना वाडीला बोलावण्याऐवजी वाडीच पोस्टानं घरोघर पाठवण्याचा तो उद्योग होता. माझ्या ट्रकाच्या मानानं फार हलका आणि फार दूर जाणारा.

फिरतं संग्रहालय ही कल्पना नवी नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयानं 1965 मध्येच विज्ञानाची गाडी गावोगाव काढली होती. 2007 पासून काही वर्षं 'सायन्स एक्स्प्रेस' नावाची आख्खी आगगाडी देशभर हिंडत होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस 2015 पासून शाळाशाळांत जाते. पण माझ्यापुढचा खरा नमुना यातला कुठलाच नव्हता.

सांगलीत 'कंपनी' म्हटलं की आधी नाटक कंपनी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे संस्थानिकांपुढे 'सीता स्वयंवर' केलं, त्यावरून 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. 1851 मध्ये ते संस्थानिक, चिंतामणराव, गेले, राजाश्रय आटला आणि भाव्यांनी मंडळी घेऊन मुलूख धरला. 1853 मध्ये मुंबईला प्रयोग. म्हणजे मराठी नाटक जन्मलं राजवाड्यात, पण चालायला शिकलं ते आश्रय सुटल्यावर, ट्रंका बांधून. पडदे गुंडाळायचे कसे, राक्षसाचे मुखवटे दबू नयेत म्हणून पेटीत कुठे ठेवायचे, हे ज्ञान आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी मात्र ते शिकायला अहमदाबादला गेले आणि फी भरली.

ते परत मिळालं ड्रायव्हरदादांकडून. दादा कवठेमहांकाळकडचे. कंपनीत येण्याआधी अकरा वर्षं तमाशाच्या फडाचा ट्रक चालवत. पहिल्या दिवशी त्यांनी माझा नकाशा बघितला आणि विचारलं, "मॅडम, हे चरकाचं धूड तुम्ही मागच्या टोकाला कशाला ठिवलंय?" म्हटलं, शेवटी आश्चर्य म्हणून. "आश्चर्य व्हईल. चढाला पुढची चाकं उचलत्याल." वजन दोन चाकांच्या मधे पाहिजे. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि नकाशावर एक रेघ मारली, कंटेनरच्या डाव्या भिंतीवर, आडवी. "ही बाजू उघडा. वरचा पत्रा वर, सावलीला. खालचा खाली, मंचासारखा. फडाच्या ट्रकचं ष्टेज असंच करतोय की आमी."

त्या एका रेघेनं संग्रहालय पालटलं. आता चरक उघड्या बाजूला, जमिनीवर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. आजींना एकही पायरी नाही, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही नाही. आत चढायचं ते ज्याला कागद बघायचेत त्यानं. बॉडीत असा फेरफार करायचा म्हणजे आरटीओची परवानगी लागते, त्यात दीड महिना गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

हलणाऱ्या संग्रहालयाचा पहिला शत्रू उन्हापेक्षाही हादरा. स्थिर संग्रहालयात वस्तू कशी दिसेल याचा विचार करतात, इथे ती विट्याच्या रस्त्यावरच्या गतिरोधकाला काय करेल याचा. चाचणीसाठी एक कपाट टेम्पोत घालून आम्ही विट्याला जाऊन आलो. उघडलं तर सोळापैकी पाच नट सैल होऊन तळाशी, आणि फ्रेममधले आजोबा घसरून खाली, वर फक्त फेट्याचा तुरा. साहेबांना तो फोटो दाखवला नाही. मग नायलॉनचं कडं असलेले नट आले, काचेच्या जागी ॲक्रिलिक आलं, प्रत्येक वस्तूखाली तिच्याच आकारात कोरलेला फोम आला. चष्म्यासाठी फोम कोरताना मला जाणवलं की आपण याला पाळणा करतोय. भिंतींत पन्नास मिलिमीटरचं पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलं, कारण जत-आटपाडीच्या उन्हात पत्र्याचा डबा म्हणजे भाकरीचा तवा.

कागद मात्र मूळ न्यायचे नाहीत यावर मी हटून बसले. त्याचं कारण 2019. त्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या पोटात शिरलं तेव्हा कंपनीचं नदीकडचं जुनं ऑफिस छतापर्यंत बुडालं. पाणी उतरल्यावर वह्यांचे गठ्ठे अंगणात काढून ठेवले होते आणि ते तसेच वाळून विटा झाले होते. मला मिळाले तेव्हा तीन वर्षं झाली होती. रोजमेळ, खतावण्या, हजेरीपटाच्या वह्या. एका गठ्ठ्यावर शाईनं 'तक्रार' एवढंच उरलं होतं. वाफ देऊन, हाडाच्या पट्टीनं, दिवसाला चार पानं. त्यातली निम्मी कोरी निघायची, कारण शाई पाण्याबरोबर गेलेली. कुठे 'लाट सैल', कुठे 'दाते', कुठे एखाद्या गावाचं नाव अर्धं. पुराच्या गाळाला एक वास असतो, कुजक्या चिपाडासारखा. तो वास आमच्या घरच्या वह्यांनाही आहे, आम्ही गावभागातले. त्यामुळे हे काम मी बिलात धरलं नाही.

वरच्या मजल्यावरचं ड्रॉइंग ऑफिस वाचलं होतं. मेणकापडासारख्या निळसर ट्रेसिंग कापडावरची शाईतली ड्रॉइंग्ज, नळकांड्यांत गुंडाळलेली. इतकी देखणी, की त्यातल्या एका चरकाच्या ड्रॉइंगची प्रत मी आतल्या भिंतीभर लावली.

चरक कसा चालतो हे आता सांगावं लागतं, तेही सांगलीत. तीन लाटा, म्हणजे बिडाचे जाड रूळ. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दोन लाटांच्या फटीत उसाचं टोक धरायचं, लाटा ते आत ओढतात, दुसऱ्या फटीतून चिपाड बाहेर, रस खाली. पूर्वी बैल गोल फिरायचे, पुढे ऑईल इंजिन आलं आणि पट्ट्यानं लाटा फिरू लागल्या. बैलाच्या चरकाला हाक मारून थांबवता येतं. इंजिनाला ऐकू येत नाही.

आमच्याकडे एकच जुना चरक शिल्लक होता, कारखान्याच्या फाटकाशी बागेत मांडलेला, दर खंडेनवमीला रंग देऊन देऊन मऊ झालेला. एका निवृत्त मोल्डरनं, म्हणजे साचे भरणाऱ्या कारागिरानं, तो सोडवला. त्यांना सगळे तात्या म्हणतात. कॉस्टिकनं रंगाचे थर काढताना तात्या एकेक सांगत गेले: हा हिरवा अमक्या मॅनेजरच्या वेळचा, हा तांबडा संपाच्या आधीचा. खाली बीड लागलं तेव्हा त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि वाळूचा दाणा बघायला सांगितला. साच्यातली वाळू बारीक असली की ओतकामाची कातडी कशी येते ते बोटालाच कळतं. मग म्हणाले, "पोरी, खुर्ची दावण्यापरीस एक साचा दाव." लाकडी पॅटर्न, वाळू दाबायचं ठोकणं आणि अर्धी उघडी साच्याची पेटी आम्ही घेतली. आजोबांची खुर्ची गेली नाही. साहेबांना सांगितलं, खुर्चीचे पाय हादऱ्यानं सुटतील. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

पाटीवर मजकूर होता: 'आमचा पहिला चरक.'

पौषात पहिली फेरी निघाली. पलूस, तासगाव, विटा, आणि चौथा मुक्काम खरसुंडी. सिद्धनाथाची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार. दादांनी बाजाराच्या वाऱ्याकडे पाठ करून ट्रक लावला, चाकांखाली ठोकळे दिले, डावी बाजू उघडली. समोर दोन-दोन लाखांचे पांढरेशुभ्र खोंड, त्यांच्या शिंगांना शेंब्या, गळ्यात घुंगरमाळा. त्यांच्याकडे पाठ करून आमच्याकडे कोण बघणार असं मला वाटलं होतं. पण लोक आले. मी ज्यासाठी पाट्या लिहिल्या होत्या त्यासाठी आले नाहीत. लाटेवरून हात फिरवायचे, दाते मोजायचे, वाकून खालून बघायचे. एका बाईनं चरकाला कुंकू लावलं आणि निघून गेली, पाटीकडे न बघता. मी पुसायला फडकं घेतलं होतं. दादांनी नुसतं बघितलं. फडकं ठेवून दिलं.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडं. बराच वेळ चरकासमोर उभे. नातवाकडून पाटी वाचून घेतली, आणि म्हणाले, "ह्यो पयला न्हवं."

मी मंचाच्या कडेला बसले होते. म्हटलं, "का हो आजोबा?"

"ह्याला जाळी हाय."

ऊस घालायच्या तोंडाशी चरकाला लोखंडी गजांची एक जाळी होती, ऊस जाण्यापुरतं अंतर सोडून बसवलेली. मी ती सहा महिने रोज बघत होते. तिचे गज सरळ करून घेतले होते, त्यांना तेल लावलं होतं.

"पयल्याला न्हवती. नुसतं तोंड हुतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी घोंगड्याखालून उजवा हात काढला आणि माझ्यापुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. कातडी तिथे गुळगुळीत होती, जुनी, तात्यांनी दाखवलेल्या बिडासारखी. इकडे पाऊस नाही म्हणून दर हंगामाला ते वाळव्याकडे गुऱ्हाळावर कामाला जायचे. पहाटेचा घाणा, झोप डोळ्यांवर, थंडीनं बोटं बधिर. उसाचं शेवटचं टिपरू आत जाईना म्हणून तळव्यानं रेटलं. "दुकलं न्हाई तवा," म्हणाले. "गुळव्यानं पट्टा पाडला म्हनून हात ऱ्हायला." त्या दिवशीच्या रसाचं काय झालं असं नातवानं विचारलं. मुलांना नेमकं तेच सुचतं. म्हातारबाबा हसले. "काहील वतून दिली. मालक लै वंगाळ बोलला."

मग त्यांनी डाव्या हाताची मूठ जाळीच्या गजांतून आत घालून बघितली. जात नव्हती. दोन-तीनदा, वेगवेगळ्या बाजूंनी. समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि नातवाला घेऊन खोंडांकडे गेले. नाव विचारायचं राहिलं. तसंही सांगितलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

सांगलीला परतल्यावर मी थेट तात्यांकडे गेले. ते चहा बशीत ओतत होते. विचारल्यावर ओतायचे थांबले. "पाच-सहा तक्रारी आल्या हुत्या. मग मोठ्या साहेबांनी सोता बसून ड्रॉइंग केलं. रातभर." ड्रॉइंग ऑफिसात नळकांडी पुन्हा उपसली. जाळीचं ड्रॉइंग होतं. माझ्याच हातून एकदा गेलेलं, 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवलेलं. कोपऱ्यात आजोबांची सही, आणि गजांमधलं अंतर दोनदा खोडून कमी केलेलं. खाली पेन्सिलीनं काढलेला एक हात, बोटं मिटलेली, मापं टाकलेली. कुणाचा तरी हात मोजून ते अंतर ठरवलं होतं.

कायद्याचं बघितलं तर 1948 चा कारखाने कायदा यंत्राला कुंपण घालायला सांगतो, पण कारखान्यात. म्हणजे चरक ओतणाऱ्या तात्यांची बोटं कायद्यानं राखली होती, चरकात ऊस घालणाऱ्याची नाही. मळणी यंत्रांसारख्या शेतातल्या धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा व्हायला 1983 उजाडलं. ही जाळी त्याच्या कितीतरी आधीची. कुणी सांगितलं नसताना बसवलेली, आणि बोटं गेल्यावर बसवलेली. दोन्ही खरं.

मी ते ड्रॉइंग घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पेन्सिलीतला हात बराच वेळ बघितला. आजोबांचं अक्षर त्यांना ओळखता येतं. म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही." मग, "यातून कायदेशीर काही निघणार नाही ना?" ते वकिलांकडे गेलं. दोन आठवड्यांनी मजकूर आला: 'कालांतराने सुरक्षिततेच्या दृष्टिकोनातून सदर यंत्रामध्ये आवश्यक त्या सुधारणा करण्यात आल्या.' मी लिहून पाठवलं: 'पहिल्या चरकाला जाळी नव्हती. माणसांची बोटं गेली, तेव्हा ती बसवली.' परत वकील. माझा राग आता उतरलाय, त्यामुळे सांगते की वकिलांचंही काही चुकत नव्हतं. त्यांचं कामच पाटी अशी लिहायची की ती वाचून कुणाला काही कळू नये. माझं उलट. शेवटी तीन शब्दांवर मिटलं: 'जाळी नंतर बसवली.' आणि मुख्य पाटीतला 'पहिला' गेला, तिथे 'जुना' आला. ड्रॉइंग मात्र साहेबांनी मोठं करून लावायला सांगितलं, आपण होऊन. मी मागितलं नव्हतं.

खुर्चीसाठी ठेवलेली जागा रिकामीच होती. ड्रॉइंग तिथे लागलं.

दुसऱ्या फेरीत मी फारशी गेले नाही. दुसरं काम लागलं होतं, आणि संग्रहालयाला त्याच्या आईनं रोज शाळेत सोडायला जायचं नसतं. चैत्रात विट्याला कामासाठी गेले होते तेव्हा एसटी स्टँडच्या बाजूला मैदानात आमचा ट्रक दिसला. डावी बाजू उघडलेली, वरच्या पत्र्याची सावली बरोबर चरकावर. कुठल्याशा शाळेची पोरं होती, पाचवी-सहावीची. बाई पाठीमागे फोनवर. माहिती द्यायला नेमलेला मुलगा जेवायला गेला असावा, कारण मंचावर दादाच उभे होते, हातात पान्हा, जणू मधेच काही आवळत होते.

मी लांबच थांबले. दादा चरकाबद्दल सांगत होते आणि निम्मं चुकीचं सांगत होते. चरकाचं वजन त्यांनी दुप्पट केलं, आजोबांना विलायतेला पाठवून आणलं. तमाशाच्या ट्रकवर अकरा वर्षं काढलेला माणूस, त्याला समोरचे डोळे कधी ढिले पडतात ते कळतं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली. जाळी नंतर बसवली. मग मान वर करून विचारलं, "पण जाळी कशाला?"

दादांनी पान्हा खाली ठेवला. उजवा हात वर केला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मिटून घेतलं, आणि तसाच तो हात, काही न बोलता, पोरांच्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.